दहाव्या खुंटीपाशी टाकलेला स्वेटर

मोजणीदार आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलला, आणि तेही हिशेब करून. ते उघडकीला यायला शंभर वर्षं लागणार होती. पण अडतीस वर्षांतच ते प्लास्टिकच्या पिशवीत बसून, पाणी गाळत, त्याच्या दारात आलं.

मोजणीदार हे त्याचं कामही आणि नावही. गावाच्या वर डोंगरात एक हिमनदी होती आणि तिच्यात खालपासून वरपर्यंत बारा लाकडी खुंट्या रोवलेल्या होत्या. हिमनदी म्हणजे गोठलेली नदी, असं कुणी म्हटलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ‘‘नदी गोठत नाही हो! बर्फ पडतो, त्याच्यावर पुढच्या सालचा पडतो, त्याच्यावर आणखी. गाद्यांच्या चळतीत तळाची गादी कशी चेपते? तशी खालची सगळी हवा निघून जाते आणि भुसभुशीत बर्फाचा दगड होतो. मग एवढं धूड आपल्याच वजनाने उतारावरून सरकायला लागतं. मधोमध जरा भरभर, कडेला रखडत.’’ ऐकणाऱ्याने तोवर दोनदा घड्याळ पाहिलेलं असायचं.

दर उन्हाळ्याच्या शेवटी तो वर जाऊन वहीचे दोन रकाने भरायचा. पहिला, खुंटी किती पुढे सरकली; मोजून झालं की ती पुन्हा मूळ जागी रोवायची. दुसरा, खुंटी बर्फातून किती उघडी पडली, म्हणजेच किती बर्फ वितळला. नोकरीभर दोन्ही रकाने त्याने इमानेइतबारे भरले. स्वतःच्या भानगडीचा हिशेब मांडताना मात्र एकच वापरला, आणि तिथेच माशी शिंकली.

भानगड होती स्वेटरची. लग्नानंतर तो पहिल्यांदा वर निघाला तेव्हा बायकोने त्याच्यासाठी स्वेटर विणला. तिने त्याआधी आयुष्यात काही विणलं नव्हतं, हे सांगायला लागत नव्हतं. रंग पोपटी, तोही असा की दिवा मालवला तरी खोलीत त्याचा वावर जाणवावा. एक बाही मनगटाच्या अलीकडेच दमलेली, दुसरी मनगट ओलांडून पुढच्या मुक्कामाला निघालेली. मोजणीदाराने तो आरशासमोर छातीशी धरला, ‘‘वा!’’ म्हणाला आणि घडी करून पिशवीत ठेवला. ‘‘बर्फावरच घालीन. इथे उगाच मळेल.’’

बर्फावर त्याच्याबरोबर तीन सहकारी होते आणि तिघांच्याही जिभा धारदार होत्या. दहाव्या खुंटीपाशी ते चहा करत बसले असताना मोजणीदार पाय मोकळे करायला म्हणून गेला आणि एका खोल भेगेत त्याने स्वेटर सोडून दिला. जागा विचार करून निवडलेली होती. इतक्या उंचावर तेव्हा उन्हाळ्यातही जुना बर्फ संपायचा नाही, उलट दर हिवाळ्यात वर नवा थर बसायचा. खुंटी वर्षाला चोवीस मीटर सरकत होती आणि हिमनदीचं खालचं तोंड दोन हजार चारशे मीटरांवर. म्हणजे शंभर वर्षं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. एकशे एकतिसाव्या वर्षी जे व्हायचं ते होवो, असं म्हणून तो निर्धास्त मनाने चहाला परतला.

घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न विचारला, ‘‘उबदार होता ना?’’

हरवला म्हणाला असता तर भागलं असतं. पण तिचा चेहरा पाहून त्याचं धाडस झालं नाही, आणि धाडस नसलं की माणूस नको तेवढं बोलतो. तो म्हणाला, वर एक गिर्यारोहक सापडला, थंडीने निळा पडलेला, दातावर दात वाजतायत. मी स्वेटर काढला आणि त्याच्या अंगात घातला. तुझ्या स्वेटरने माणूस वाचला बघ.

बायकोने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तिने डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट दूधवाल्याला कळली, तिसऱ्या दिवशी शाळेत पोचली. वर्षभरात त्या गिर्यारोहकाचे दोन झाले, पुढे त्यातला एक डॉक्टर निघाला. मोजणीदाराने दुरुस्ती करून पाहिली, तर लोक म्हणाले, किती विनयशील माणूस! आणि बायकोने सुया हातात घेतल्या त्या खाली ठेवल्याच नाहीत. हिमनदीच्या पायथ्याशी मोजणीवाल्यांची झोपडी होती. तिथे तिने एक पत्र्याची ट्रंक ठेवली आणि वर लिहिलं, ‘थंडी वाजेल त्याने घ्यावा.’ दर हिवाळ्यात दहा-बारा स्वेटर त्या ट्रंकेत जायचे. बाह्या आता जुळ्या भावांसारख्या, रंग सुसह्य, आणि प्रत्येकाच्या गळ्याशी न चुकता तीन मोठी बटणं. गाव तिला लोकरकाकू म्हणू लागलं.

ट्रंक दिसली की मोजणीदार मान वळवून पुढे निघायचा. खरं सांगून टाकावं, असं त्याला दरवर्षी वाटायचं आणि दरवर्षी गाडी पुढच्या वर्षावर जायची. ‘तुम्ही मला इतकी वर्षं मूर्ख बनवलंत,’ हे एक वाक्य तिच्या तोंडून त्याला ऐकायचं नव्हतं. तेवढ्यासाठी सगळा खटाटोप.

मधल्या काळात दुसरा रकाना फुगत चालला होता. हवा तापत होती. वरून येणारा बर्फ कमी, वितळणारा जास्त. दहाव्या खुंटीपाशी पूर्वी बारमाही पांढरं असायचं, तिथे आता उन्हाळ्यात काळपट, उघडा बर्फ दिसायचा आणि खुंट्या आडव्या पडायच्या. धूड बारीक झालं तसा त्याला पुढे ढकलणारा बोजाही घटला आणि हिमनदी सरकायचीसुद्धा सावकाश. मोजणीदाराला मनापासून वाईट वाटायचं. बर्फाच्या ज्या कड्याला टेकून त्याने तरुणपणी जेवणाचा डबा खाल्ला होता, तिथे आता नुसते दगड होते. पण माणूस मोठा चोरटा. रात्री उशीला डोकं टेकल्यावर तो मनात म्हणायचा, मंदावली म्हणजे शंभराची सव्वाशे झाली. निवृत्तीनंतरही दर उन्हाळ्यात तो हिमनदीच्या तोंडाशी जाऊन चिखलात पोपटी काही दिसतंय का ते बघून यायचा. पहारा असा चोख, फक्त चुकीच्या दारावर.

त्याच्या जागी आलेली चष्मेवाली बाई हुशार होती. एका संध्याकाळी ती धापा टाकत आली आणि तिने पिशवी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली. बायको बाहेर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

‘‘काका, बघा काय मिळालं! आठव्या खुंटीपाशी, बर्फातून अर्धा बाहेर आला होता.’’

रंग बघताच मोजणीदाराने एकदा दाराकडे पाहिलं. ‘‘फार जुना दिसतो,’’ तो म्हणाला. ‘‘हजारेक वर्षांचा असेल. संग्रहालयात पाठव. आत्ताच्या आत्ता.’’

‘‘हजार वर्षांपूर्वी असला पोपटी?’’ ती हसली. ‘‘मी काढलं ना. तुमच्याच वह्या घेतल्या, दरसालची सरक उलटी मोजत गेले. अडतीस वर्षांपूर्वी दहाव्या खुंटीपाशी पडलाय.’’

‘‘पण तो तोंडाशी यायला हवा होता!’’

‘‘तोंडापर्यंत कशाला येईल? वरचा बर्फच वितळून गेला. दुसरा रकाना बघा की, काका. तुम्हीच तर लिहिलाय.’’

माणसाला आपल्याच अक्षराने पकडून द्यावं, याहून वाईट काय? एवढ्यात दारात बायको उभी. तिने कपड्यांची बादली खाली ठेवली, हात पुसले, स्वेटर उचलला. एक बाही ओट्यावर आली, दुसरी ओट्यावरून खाली लोंबली.

‘‘काकू, हा तोच का? त्या गिर्यारोहकाला दिलेला?’’

‘‘तोच! तोच!’’ मोजणीदाराने बुडत्याच्या काडीसारखा तो प्रश्न पकडला. ‘‘उतरताना त्यानेच टाकला असणार. लोक कृतघ्न असतात गं.’’

‘‘टाकण्याआधी घालावा लागतो,’’ बायको म्हणाली.

चष्मेवालीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि तिला अचानक घरचं काहीतरी काम आठवलं.

दार लागल्यावर मोजणीदार स्टुलावर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. भेग, चहा, शंभर वर्षं, काही लपवलं नाही. 

‘‘मला माहीत आहे,’’ ती म्हणाली.

‘‘आत्ता कळलं ना.’’

‘‘आत्ता नाही हो, त्याच दिवशी. तुम्ही निघाल्यावर माझ्या लक्षात आलं, गळा फारच घट्ट झालाय. विणून झाल्यावर स्वतःच्या डोक्यातून घालून पाहिला होता, तेव्हा कानापाशी अडकला, पण मी दोष माझ्या अंबाड्याला दिला. वाटलं, तुम्ही परत आणाल, मग उसवून देईन. आणि तुम्ही येऊन सांगता, काढला आणि एका माणसाच्या अंगात घातला!’’

मोजणीदाराला तीन-तीन बटणं आठवली. ‘‘मग तू रडलीस का?’’

‘‘रडू नको तर काय करू? एकदा अंगात घालूनही पाहिला नव्हता तुम्ही.’’

 त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो ओट्यावर गळलेलं पाणी पुसायला लागला.

‘‘आणि मग एवढे स्वेटर? इतकी वर्षं?’’

‘‘माझा नवरा खोटारडा ठरू नये म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं, ट्रंकेत ठेवत राहावं. कधीतरी कुणीतरी खरंच वाचेल. दोन वर्षांपूर्वी ही चष्मेवाली वितळलेल्या पाण्यात कमरेपर्यंत बुडाली होती ना? झोपडीपर्यंत कशीबशी आली, आणि ट्रंकेतले दोन स्वेटर घालून रात्र काढली. त्या दिवसापासून तुम्ही खोटं बोलला नव्हतात. फक्त जरा लवकर बोलला होतात.’’

मोजणीदार उठला. त्याने ओट्यावरचा स्वेटर घेतला, दोन्ही हात वर केले आणि तो थंडगार, ओला, पोपटी प्रकार डोक्यात घातला. कानांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. वर जाईना, खाली येईना. लांब बाही हवेत फडफडत राहिली.

‘‘उबदार आहे का?’’ बाहेरून बायकोने विचारलं. हसून हसून तिला धड बोलता येत नव्हतं.

‘‘आहे,’’ आतून आवाज आला. ‘‘आता कात्री आण.’’

‘‘थांबा जरा,’’ ती म्हणाली आणि आधी शेजारणीला बोलवायला गेली.