आबांच्या पोटावरचा सात

आमच्या घरात शिकलेला मी एकटाच, आणि त्याची झळ आबांच्या पोटाला बसली.

कसबा बावड्यात दोन खोल्यांचं आमचं पत्र्याचं घर. आबांनी उभा जन्म कारखान्यात साखरेची पोती वाहिली आणि घरी येऊन गुळाचा चहा प्यायले. (तरी साखर झाली ती आबांनाच! आता बोला.) पायात खिळा घुसला, जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, "रोज संध्याकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन. साखर उतरली नाही तर पाय काढावा लागेल. घरात शिकलेलं कोण आहे?"

आई, आबा, बहीण, सगळ्यांची बोटं माझ्याकडे. मी गणितात बी.एस्सी.! सुई दिसली की मलाच दरदरून घाम फुटायचा.

"माझं पोरगं टोचंल," आबा म्हणाले, "न्हाय तर कुणी न्हाय."

"रोज जागा बदला," डॉक्टरांनी बजावलं. "एकाच जागी टोचलं तर गाठ होते, औषध लागू पडत नाही. बेंबीपासून लांब राहा."

माझे डोळे चमकले. गणितातही इंजेक्शन असतं: प्रत्येकाला आपापली जागा, दोघांनी एकाच जागी जायचं नाही. माझ्या पदवीला आयुष्यात पहिल्यांदाच काम मिळालं! पक्क्या शाईच्या पेनानं मी आबांच्या पोटावर बेंबी सोडून आकडे मांडले. रोज सर्वांत लहान आकड्यावर सुई, मग तो आकडा स्पिरिटनं पुसायचा.

"काय लिवलंस रं?"

"हिशेब हाय, आबा. पुसू नका."

"मी कशाला पुसतोय!"

आबा उघड्या अंगानं कट्ट्यावर बसायचे. शेजारचे बंडूनाना तिथं थबकले. (नानांना भिंतीवरच्या पालीतही मटक्याचा आकडा दिसायचा.)

"आबा, ह्ये कसलं आकडं?"

"पोरानं लिवल्यात. रोज एक जातोय."

"रोज एक जातोय!" नानांनी हात जोडले. त्या दिवशी पुसलेला आकडा त्यांनी लावला, आणि तो लागला!

झालं! दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली आबांच्या तब्येतीची चौकशी करायला. तोंडाकडं कुणी बघेना. "आबा, जरा वळा की! उजव्या अंगाचं दिसंना!"

"माणसांची माया बघ," आबा आईला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

आकडे नऊच्या पुढं गेले आणि माया आटली. मटक्यात दहा नसतो.

मग एका संध्याकाळी मला बेंबीशेजारी सात दिसला. सात तर मी पुसला होता! पण आकडा लिहिलेला होता, आणि लिहिलेलं मानायचं हेच मी कॉलेजात शिकलो होतो. टोचली. दुसऱ्या दिवशी सात पुन्हा हजर. पुन्हा टोचली. पुन्हा सात!

एका दुपारी लवकर घरी आलो, तर आबा कट्ट्यावर घोरतायत आणि बंडूनाना पेन घेऊन त्यांच्या पोटावर वाकलेले.

"नाना!"

"वरडू नगंस, उठंल त्यो! तू पुसलास की त्योच आकडा मटक्यात फुटतोय. येवडा सात लागू दे की रं माझा!"

सात लागला नाही. बेंबीशेजारी लिंबाएवढी गाठ झाली, साखर चढली, आणि आबांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

दवाखान्यात मी विचारलं, "आबा, तिथं दुखत हुतं न्हवं? बोलला का न्हाय?"

"दुखायचं की." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पर तू लिवल्यालं. मला कुठं वाचाय येतंय?"

पुढं पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी लागली. साहेबांनी समजावलं, इथंही इंजेक्शन असतं: नाव विचारलेल्या चौकटीत परका माणूस गुपचूप हुकूम लिहितो आणि मशीन तो मुकाट पाळतं. "एवढं बावळट मशीन?" शेजारचा पोरगा हसला. मी हसलो नाही. ते मशीन मी होतो.

पाय मात्र वाचला. आबा शेवटपर्यंत आपल्या दोन्ही पायांनी कट्ट्यापर्यंत चालत गेले. सुई रोज मीच दिली, आणि पुण्याला गेल्यावर बहिणीनं. पोटावर पुन्हा कुणी काही लिहिलं नाही.

आता साखर मलाही निघाली. पहिल्या दिवशी सदरा वर केला, घाम फुटला, आणि सवयीनं तोंडातून गेलं, "आबा, हलू नका."

कुणीच हललं नाही. सुई बरोबर जागी गेली.