ना डावा ना उजवा

कुणाचंही पायताण हातात आलं की वेशीबाहेरचा तो मोची आधी ते नाकाशी नेई, मग कानाशी धरून वाकवी आणि त्याची कुरकुर लक्ष देऊन ऐके. ऐकून झालं की समोरच्याला विचारी, "बदलून घालता का न्हाई?"

या प्रश्नाला केजमधले लहानथोर सगळे बिचकत. आमच्याकडच्या जोड्यांना तेव्हा डावा-उजवा नसे. दोन्ही सारखे, सरळ. दर बाजाराच्या दिवशी या पायातला त्या पायात घालायचा, म्हणजे दोन्ही सारखे झिजतात. पण पायाला एकदा बसलं की कोण कशाला बदलतो? त्याला मात्र तळावरून बोट फिरवताच कळे, आणि मग तो जोड्याची बाजू घेऊन भांडे. "एकट्यानंच झिजावं कावून?" एका देशमुखांना त्याने भर वेशीत असं सुनावलं, आणि देशमुखांनी तिथल्या तिथे, एका पायावर उभं राहून, भिंतीला हात टेकून, जोडे बदलले. हे मी स्वतः पाहिलं आहे. तुम्ही असता तर तुम्हीही हसू दाबलं असतं.

माझी आणि त्याची गाठ पडली ती बुटांमुळे. मोमिनाबादची छावणी उठली तेव्हा साहेबलोकांच्या सामानाचा हर्रास झाला. त्यात माझ्या वडिलांनी कुणा कप्तानाचे बूट घेतले. का घेतले, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पायात त्यांनी ते कधी घातले नाहीत. अधूनमधून तेल लावत आणि पडवीत खुंटीला टांगत. आई त्या बुटांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे, आणि त्यांना हात लावला की वडिलांनाही आंघोळीशिवाय आत घेत नसे. पुढे वडील गेले, मला केजच्या तहसिलीत गिरदावराची हंगामी जागा मिळाली, आणि बूट खुंटीवरून माझ्या पायात आले. घोड्यावर बसून गावोगाव हिंडायचं, पिकं बघायची, बांधाचे दगड तपासायचे. कातडं असं की धोंड्याला पुरून उरावं. पण तळ शेवटी तळच. एका उन्हाळ्यात उजव्या बुटाने तोंड वासलं आणि पाठोपाठ डाव्याने.

नेमका त्याच सुमारास बीडच्या तालुकदारसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अंमलदारांचा, दौरा लागला. केजबाहेरच्या आमराईत तंबू पडणार होते आणि आम्हा हंगामी लोकांना त्यांच्यासमोर उभं करणार होते. पसंत पडला तो कायम, न पडला तो घरी. कचेरीतले आमचे पेशकार म्हणाले, "साहेब आधी पायांकडे बघतात. बूट धड नसेल तर पुढचं ऐकूनच घेत नाहीत." हे खरं की खोटं कोण जाणे. पण घरात मिळवता मी एकटा, तेव्हा खरं मानणंच भाग होतं.

बूट घेऊन मी बाजार पालथा घातला. एकाने बूट उलटा करून आत डोकावून पाहिलं, जसं काही आतून कुणी ओ देणार होतं. "आमाला मोट सांगा मालक," तो म्हणाला, "ह्ये आपल्यातलं न्हाई." दुसरा म्हणाला, नाल ठोकून देतो, घोडा आणि तुम्ही दोघांचं एकदमच होईल. मी हताश होऊन कचेरीत परतलो, तेव्हा आमच्या चपराशाने सांगितलं, "अजी साब, वो नीम के नीचे बुड्ढा बैठता ना, छावनी का मोची है उने. गोरे लोगां के बूटां उनेच सीता था."

म्हणजे ज्याला मी रोज बघत होतो तोच.

वेशीबाहेर लिंबाखाली पोतं टाकून तो बसलेला असे. मागे झोपडीच्या सावलीत त्याची बायको पाठमोरी, डोक्यावरून पदर ओढून काहीतरी करत बसलेली असे. तिच्याकडे आम्ही कधी लक्ष दिलं नाही. तो वयाने माझ्या वडिलांएवढा, पण त्या काळच्या रीतीप्रमाणे मी त्याला अरेतुरे करी आणि तो मला मालक म्हणे. वस्तू तो हातात देत नसे. खाली ठेवी, आपण उचलायची.

बूट बघून त्याचा चेहरा बदलला. त्याने ते हुंगले, कानाशी वाकवले, आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसला.

"बदलून घालता का न्हाई?"

"अरे बाबा, हे बूट आहेत. यांत डावा वेगळा, उजवा वेगळा."

"तसंच म्हंतेत सारे," तो म्हणाला आणि कीव आल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण छावणीचा माणूस, त्याला काय शिकवायचं, असं वाटून मी पाय पुढे केले. त्याने राख पसरली, तीवर माझी दोन्ही पावलं उमटवून घेतली आणि पुढच्या बाजाराला या म्हणून सांगितलं.

पुढच्या बाजाराला गेलो. "आज न्हाई. कातडं रुसलंय." त्याच्या पुढच्या बाजाराला गेलो. "आज बी न्हाई. आता जरा बोलाया लागलंय." बूट कुठे दिसेनात. मी चिडलो, आवाज चढवला. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मालक, तुमी रागावला तर तुमचं काम हुईल का कातड्याचं?" मी पाय आपटत कचेरीत परतलो.

आमराईत तंबू लागले त्या सकाळी त्याने बूट माझ्यापुढे जमिनीवर ठेवले. तळ असा बसवला होता की मूळचाच वाटावा. कडेने शिवण बारीक, एकसारखी, मुंग्यांची रांग निघावी तशी. मी आनंदाने एक बूट उचलला आणि कोणत्या पायातला ते बघू लागलो. मग दुसरा उचलला. मग पुन्हा पहिला.

दोन्ही सारखे होते. त्याने बूट भिजवून आपल्या सरळ कलबुतावर, म्हणजे लाकडी साच्यावर, चढवले होते आणि त्यांतला डावा-उजवा पार काढून टाकला होता.

"अरे, हे काय केलंस?"

"सरळ केलं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मी रागवायचं विसरलो. "छावनीत हजार बूट बगितले मालक. सारे वाकडे. गोरे बदलीतच न्हाईत, मग वाकडं हुईल न्हाई तर काय? लई जीव तुटायचा माजा. पर तितं आमाला इचारतंय कोन? फाटलं तेवडंच शिवायचं. तुमचा जोड आला, म्हनलं ह्यो तरी नीट करावा." मग बूट माझ्याकडे सरकवून म्हणाला, "आता कोंच्या बी पायात घाला."

मी काय करणार? घातले. कोणता कुठे घातला, तेही आठवत नाही. बोटं एकमेकांवर चढली. आमराईपर्यंत मी असा चाललो की वाटेत एका म्हातारीने मला काटा मोडला का म्हणून विचारलं.

तालुकदारसाहेब तंबूत लोडाला टेकून बसले होते. बूट तर सोडाच, साधी चप्पलही त्यांच्या पायात नव्हती. एक पाऊल सुजून भाकरीसारखं फुगलं होतं. त्यांना संधिवात होता, आणि तो मोठा लहरी होता; आज या पायाला सूज, परवा त्या पायाला. त्यांची नजर फिरत फिरत माझ्या पायांवर आली आणि थांबली. माझी नोकरी गेली, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"ये कैसे बूट हैं? निकालो."

मी काढले. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, उलटे केले, सुलटे केले. मग एकदम हसू लागले. मला काही कळेना. ते पेशकारांना म्हणाले की असाच जोड हवा. एक बूट मोठा, एक नेहमीचा. ज्या दिवशी ज्या पायाला सूज, त्या दिवशी त्यात मोठा घालायचा. हैदराबादच्या दुकानदारांना इतकी वर्षं हे सुचलं नाही! शिवणीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "किसने सिया?" मी सांगितलं. त्याच बैठकीत मी कायम झालो, आणि मोच्याला बीडला पाठवून द्या, असा हुकूमही त्याच बैठकीत सुटला.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन जमादार लिंबाखाली गेला. चांगली बातमी आपणच द्यावी म्हणून मीही गेलो होतो. तो ऐकत राहिला. मग त्याने मागे झोपडीकडे पाहिलं. बायको पाठमोरीच होती, पण तिचे हात थांबले होते.

"मला कावून नेता मालक? मी म्हातारा मानूस."

"अरे, भाग्य उघडलं तुझं. साहेबांनी शिवण बघून बोलावलंय."

"शिवन बगून," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "शिवन बगून." तो उठून आत गेला. बराच वेळ दोघांचं हळू आवाजात बोलणं चाललं. बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत कातडं कापायच्या रापीची पिशवी होती. गाडीत बसताना त्याने कुणाकडे बघितलं नाही. मला वाटलं, माणसाला कशाचं दुःख वाटेल याचा काही नेम नाही.

बाजारामागून बाजार गेले. तो आला नाही. माझी आष्टीला नेमणूक झाली होती. निघण्याआधी चौकशी करावी म्हणून मी लिंबाखाली गेलो. तो बसायचा त्या पोत्यावर त्याची बायको बसली होती आणि कुणा कुणब्याचा जोडा शिवत होती. मी काही विचारणार तेवढ्यात माझं लक्ष शिवणीकडे गेलं. बारीक, एकसारखी. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"हे बूट कुणी शिवले, बाई?"

तिने हात थांबवला नाही. "त्येंनी कापले. मी शिवले."

"म्हणजे?"

"जवळचं दिसत न्हाई त्यांला. लांबचं मानूस वळखतेत, पर आरीचं टोक दिसत न्हाई. छावनी उठली तवापासनं शिवते मीच."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का? त्याला नेलंच नसतं."

"मला नेलं असतं," ती म्हणाली. "त्ये म्हनले, तू बस. मी जातो. काय तरी करीन."

तो काय करणार होता, तुम्हीच सांगा. शिवता येत नाही, आणि शिवण बघून बोलावलंय. बायकोला परक्या कोठीत पाठवायचं नाही, म्हणून हा माणूस नुसती रापी काखेत मारून गाडीत बसला, आणि मी शेजारी उभा राहून त्याला भाग्याच्या गोष्टी सांगत होतो. मला रडू आलं की राग, आणि राग आला तर कुणाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं खरं की त्या बुटांत उभं राहणं मला कठीण झालं.

आष्टीला जाताना वाट वाकडी करून मी बीडला गेलो. तालुकदारांच्या कोठीवर नवे साहेब आले होते. जुने हैदराबादला गेले होते. शागिर्दपेशातला, म्हणजे नोकरांच्या खोल्यांतला, एकजण म्हणाला, घोडे, आचारी आणि मोची, सगळ्यांना घेऊन गेले. घोड्यांचा सईस म्हणाला, कसला मोची, तो तर पहिल्याच दिवशी काही कबूल करून बसला आणि साहेबांनी हसून त्याला सोडून दिलं. केजकडे येणाऱ्या मांजरसुंब्याच्या वाटेला लागलेला त्याने स्वतः पाहिला होता. भिस्ती म्हणाला, तो तापाने गेला. तिघेही शपथेवर सांगत होते. तिघांनाही मी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि दर वेळी थोडं वेगळं उत्तर मिळालं. शेवटी हैदराबादला साहेबांना अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही. केजला माणूस पाठवून तिला हे सगळं कळवलं. तिने निरोप दिला, "बरं."

आष्टीतच माझी बरीच वर्षं गेली. बूट पायाला बसले, इतके की दुसरं काही घालवेना. ते त्याच्या शहाणपणाने बसले की माझे पाय मुकाट्याने सरळ झाले, देव जाणे.

एकदा केजहून एक तरुण कारकून आमच्या कचेरीत आला. तडफदार, बोलका. त्याच्या पायातले बूट बघून मी पाहतच राहिलो. कडेने तीच शिवण.

"कुठे शिवलेत?" मी विचारलं.

"केजला वेशीबाहेर एक म्हातारा आहे," तो उत्साहाने म्हणाला. "हात असा की शोधून सापडायचा नाही. पण गंमत बघा, स्वतः कधी भेटत नाही. जावं तेव्हा त्याची बायको सांगते, आत्ताच कुठं गेलेत, ठेवून जा, आले की शिवतील. आणि शिवून मिळतात बरं का. तुम्ही तर तिथे होता. तुम्हाला भेटला असेल ना?"

"भेटला होता," मी म्हणालो. "पुन्हा गेलात तर बूट ठेवून या. थांबू नका."