बाईंनी कमी न केलेलं नाव

सात वर्षं मी देवाशी बोललो नाही. बोलणार तरी काय? सिकलसेलच्या आजारानं माझी लेक रूथ नवव्या वर्षी गेली. दवाखान्याच्या ओट्यावर गुडघे टेकून तिला मागितलं होतं, नाही मिळाली. मग चर्चची पायरी चढायची नाही असं ठरवलं. घरातही तिचं नाव काढायचं नाही, असं बायकोला बजावलं. मी हट्टाला पेटलो की पेटलो.

पण बाईंपुढे कुणाचं चाललंय! बाई म्हणजे नंदुरबारजवळच्या आमच्या गावच्या जुन्या शिक्षिका, नव्वदी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी शाळेत माझ्या बापाला शिकवलं, मला शिकवलं आणि रिटायर झाल्यावर चर्चच्या संडेस्कूलमध्ये माझ्या रूथला. त्यांचा एक रविवार कधी चुकला नाही. पाय चालेनात तेव्हा मला म्हणाल्या, "तुझी जीप आहे ना? न्यायचं आणि आणायचं." झालं! दर रविवारी त्यांना चर्चच्या दारात सोडून मी बाहेर थांबायचो. "आत ये" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्याचाही मला रागच यायचा.

शेवटच्या वर्षी बाईंची आठवण विस्कटली. उपासना संपली की त्या उभ्या राहायच्या आणि जुन्या पटावरची हजेरी घ्यायच्या. कुणी हसलं नाही. चर्चचे पाळकसाहेब थांबायचे, आणि नातवंडं झालेली माणसं उठून "हजर, बाई" म्हणायची. गेलेल्या माणसाचं नाव आलं की सगळे गप्प. बाई थोडं थांबून पुढच्या नावाकडे वळायच्या.

एका रविवारी मी जीपला टेकून उभा होतो. आतून आवाज आला, "रूथ." पुन्हा "रूथ!" बाई पुढे जाईनात. तिसरी हाक आली आणि माझं डोकंच फिरलं. चपलांसकट तसाच ताडताड आत शिरलो.

"बाई, मन्ही रूथ गयी! सात वरीस व्हयनात. काबर हाका मारतस?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात पाहायच्या तशाच, अगदी स्वच्छ नजरेनं.

"माहीत आहे मला. तिला माती द्यायला मी आले होते. पण पटावरचं तिचं नाव मी कमी केलं नाही. तू का केलंस रे?"

मी तिथल्याच बाकावर बसलो आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो. बाई पुढचं नाव घेऊ लागल्या.

त्या क्षणी बाई भानावर होत्या की भ्रमात, कुणास ठाऊक. मी त्यावर वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की लेकरू देवानं नेलं होतं, पण तिला पुसून टाकलं होतं मी. मागितलेलं मिळालं नाही, ते आजही दुखतं. तरी मूठ आवळून बसण्यापेक्षा तिला त्याच्या हाती सोपवणं मला जमू लागलंय. प्रभू, तुझे उपकार, की माझ्यासारख्या हट्ट्यासाठी तू बाईंना इतकी वर्षं ठेवलंस.

पंधरा दिवसांनी बाई गेल्या. त्यांना माती देऊन आलो त्या संध्याकाळी जेवणाआधी मी प्रार्थना केली. बाईंसाठी आभार मानले, मग रूथचं नाव घेतलं. बायकोनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"आखो एकदाव ल्या ना नाव," ती म्हणाली.