दानबीसाठी एकशे वीस पुष्पचक्रं

भांडण सरकत्या दारापलीकडे चाललं होतं आणि मालसुन अलीकडे, स्वयंपाकघरात, सुक्या मासळीची मुंडकी मोडत बसली होती. त्याला आता दहा वर्षं झाली. जावई म्हणत होता, "बारा वर्षांची पोर आहे ती. दुकानात मांडायचा माल नाही." लेक कुमरान म्हणत होती, "मग काय करू दे तिला? माझ्यासारखं हॉटेलात लोकांच्या थाळ्या घासू दे?" जावयाने विचारलं, पोर तापाने फणफणली तर कंपनी तिला पेज भरवणार आहे का. कुमरान म्हणाली, सोलची गाण्याची कंपनी स्वतःहून दारात आलीय, गाणं पोरीच्या गळ्यातच आहे, अशी वेळ परत यायची नाही. मग दोघंही गप्प झाले. आता म्हातारीने उठून काहीतरी बोलावं म्हणून ते गप्प झालेत, हे मालसुनला चांगलं कळलं होतं. एक शब्द पुरला असता. पण ती मासळी मोडत राहिली, कारण मनातून तिला नात टीव्हीवर बघायची होती.

दानबी गेली. चार वर्षं कंपनीच्या वसतिगृहात राहिली, नाच शिकली, रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहिली, आणि सोळाव्या वर्षी पाच मुलींच्या चमूत उजवीकडून दुसरी म्हणून टीव्हीवर आली. त्या दिवशी मालसुनने सगळ्या इमारतीत तांदळाच्या वड्या वाटल्या. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणाली, गुडघा बरा झाला. दानबीची घरची माणसं कोण, कुठे राहतात, हे कोणाला सांगायचं नाही असं कंपनीने सहीवर लिहून घेतलं होतं. मालसुनने ते इतकं पाळलं की पुढे गुडघा खरंच दुखायला लागला तेव्हा कोणी विश्वास ठेवेना.

ती ग्वाचॉनच्या फुलबाजारात, प्लास्टिकच्या शेडमध्ये, क्वोन मालकांकडे पुष्पचक्रं करायची. माणसाहून उंच, तिकाटण्यावर उभी, फुलांची तीन मजली आरास. दुकानाचं उद्घाटन, लग्न असलं तर लाल-गुलाबी जर्बेरा. मयत असलं तर पांढरी शेवंती. दोन्ही बाजूंना दोन लांब रिबिनी. डावीवर पाठवणाऱ्याचं नाव, उजवीवर जे सांगायचं असेल ते. मजकूर मशीनवर छापून यायचा, मालसुन तो टाचण्यांनी लावायची, ट्रकमध्ये चालकाशेजारी बसून पोचवायला जायची, जागेवर उभं करायची, आणि मग दोन्ही रिबिनी नीट दिसतील असा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायची. फोटो गेला की काम संपलं. त्यामुळे तिचा नंबर सोलभर शेकडो लोकांकडे होता. दानबीच्या कार्यक्रमांना चाहते फुलांसोबत दानधर्मासाठी तांदळाची पोती पाठवायचे, तीही बऱ्याचदा हिनेच उभी केली. नातीच्या नावाची रिबीन जरा जास्तच ताठ लावायची, एवढीच तिची चैन.

चूक झाली ती नोव्हेंबरात, वर्षाची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या दिवशी. दीडशे कोबी मिठात घातले होते. दानबी दोन दिवसांची सुट्टी काढून आली आणि सोबत एक मित्र घेऊन आली. संध्याकाळच्या मालिकेत जो गरीब डॉक्टर आहे, तोच. मालसुनच्या हातातला मुळा खाली पडला. पोरगा गुणाचा निघाला. रबरी हातमोजे चढवून दिवसभर कोबीच्या पानापानांत मिरचीचा मसाला भरत बसला, कंबर धरली तरी तक्रार केली नाही. दानबीने डुकराच्या मांसाचा तुकडा ताज्या किमचीत गुंडाळून त्याच्या तोंडात घातला आणि तेवढ्यात मालसुनने फोटो काढला.

नातीचा फोटो कुठेही लावायचा नाही हे तिला पाठ होतं. म्हणून तिने बोटाने तो कापला, दानबीचं तोंड बाहेर काढलं, उरला तो पोरगा, कोबीची पाटी आणि घास भरवणारा एक हात. हा तिने आपला डीपी केला. पोराचा लावू नको असं कोणी म्हणालं नव्हतं. मालिकेतला डॉक्टर आपल्या घरात कोबी भरतोय, हे निदान दोकजाला तरी दिसावं, असं तिला वाटलं. दोकजा म्हणजे शेजारच्या टेबलावर शेवंती खोवणारी. ती उठता-बसता नातवाच्या नोकरीच्या गोष्टी सांगायची.

घास भरवणाऱ्या त्या हाताच्या बाहीला विणलेलं पिवळं बदक होतं. तो स्वेटर दानबीला वाढदिवसाला एका चाहतीने विणून दिला होता आणि तो अंगात घालून तिने सगळ्यांचे आभार मानले होते. जगात तसा एकच.

चार दिवसांत तो फोटो एका चुगलखोर चॅनलवर आला. तिथला माणूस तोंड दाखवत नाही, नुसता आवाज असतो, लोणी लावल्यासारखा. तो म्हणाला, बघा, तुम्ही रात्र रात्र जागून विणलेल्या स्वेटरच्या हाताने ही कोणाला घास भरवते. आणि फोटो कोणी चोरलेला नाही बरं का, हिनेच मुद्दाम बाहेर सोडलाय, तुम्हाला वाकुल्या दाखवायला. फोटो कोणाच्या डीपीवर होता, ते घर कुठलं, ते शुक्रवारी सांगतो.

प्रेम केलं हे चाहत्यांनी एक वेळ गिळलं असतं. वाकुल्या दाखवल्या हे त्यांना गिळवेना. खालच्या मजल्यावरच्या मुलीने सहज म्हणून मालसुनला वाचून दाखवलं, लोक काय काय लिहितात ते. पंधरा-सोळा ओळींनंतर मालसुन म्हणाली, पुरे बाई, चष्मा दुखतो. चष्मा त्या मुलीच्या डोळ्यांवर होता.

तिने डीपी काढला आणि तिथे डोंगरावरची गुलाबी फुलं लावली. मग दानबीला फोन लावला. बंद. कुमरानला लावला. कुमरान म्हणाली, कंपनीने पोरींचे फोन काढून घेतलेत, आपल्याला गप्प बसायला सांगितलंय, आई, तू काही करू नकोस. फोटो कोणी लावला हे कुमरानलाही माहीत नव्हतं. मालसुनने सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाली, किमची मुरली का ते बघून घे.

तीन दिवस ती कंपनीच्या दाराशी गेली. आत जाऊन एवढंच सांगायचं होतं, पोरीने काही सोडलं नाही, फोटो मी लावला, मला म्हातारीला हौस आली. पण दारावरच्या रखवालदाराला असल्या गोष्टींची सवय होती. तो म्हणाला, "आजी, गेल्या महिन्यात इथे दानबीच्या तीन आत्या येऊन गेल्या. एक तर माझ्याहून लहान होती." मालसुनने ओळखपत्र दाखवलं, आडनाव वेगळं, लेकीची लेक ना. तिने दानबीच्या पाठीवरच्या भाजल्याच्या डागाबद्दल सांगितलं. रखवालदार एकदम कडक झाला. असल्या गोष्टी माहीत असणारी माणसंच जास्त धोक्याची, म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिने किमचीचा डबा नेला. तोही त्याने घेतला नाही. थंडीत डबा छातीशी धरून ती दोन तास उभी राहिली आणि परत आली. पोर जेवते का नाही हे कोणी सांगेना. दोन वर्षांपूर्वी अशाच बदनाम झालेल्या एका गाणाऱ्या मुलीने जीव दिला, तिच्या मयताची शेवंती मालसुनने लावली होती. तो दिवस ती स्वतःला आठवू देत नव्हती आणि तो जाता जात नव्हता.

गुरुवारी पहाटेच शेडमध्ये मोठी मागणी आली. एकशे वीस चक्रं, मयताची, पांढरी शेवंती. दोकजा खूश झाली, कोण मेलं म्हणाली, मंत्री का? मशीनमधून रिबीन सरसर बाहेर येत होती. मालसुनला वाचायला वेळ लागतो, पण नातीचं नाव वाचायला लागत नाही. "दानबीच्या खरेपणाला भावपूर्ण श्रद्धांजली." दुसरी. "आमच्या सहा वर्षांच्या प्रेमाच्या आत्म्यास शांती लाभो." चाहत्यांना राग आला की कंपनीच्या दारात अशी मयताची चक्रं उभी करतात, हे तिला माहीत होतं. दुसऱ्यांच्या पोरींसाठी तिने स्वतः उभी केली होती. तेव्हा हसलीही होती थोडी.

ती मालकांकडे गेली. म्हणाली, हे घेऊ नका. क्वोन मालक म्हणाले, आपण नाही घेतलं तर पलीकडची शेड घेईल, आणि शिळी शेवंती घालून करील. मग तिने सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, मालकांच्या टेबलाच्या कडेला धरून.

मालकांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत बसले.

"मालसुनताई, आज घरी जा. दोकजा जाईल ट्रकवर."

"मी जाणार."

"आपल्याच नातीची चक्रं लावायला?"

"तीन दिवस त्या दारात उभी राहिले मालक, मला कोणी फुटपाथवरून वर येऊ दिलं नाही. ट्रक असला की येऊ देतात. ती पोर असेल तिथवर मला याच्याशिवाय दुसरी वाट नाही."

मालक उठून स्वतः ट्रकमध्ये तिकाटणी चढवायला लागले.

खरंच, ट्रक दिसताच त्या रखवालदाराने साखळी सोडली. तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. खेपेमागून खेप, पायरीच्या दोन्ही बाजूंना मालसुन आणि चालक चक्रं मांडत गेले. समोर मुली उभ्या होत्या, चाळीस-पन्नास, दानबीच्याच वयाच्या, काही तिच्याहून लहान, शाळेच्या गणवेशात. आरडाओरडा नाही, शिवी नाही. एक सडपातळ मुलगी पुढे आली, सेवोन नावाची. मागणी तिच्याच नावाने होती. डोळे रडून सुजलेले. अदबीने वाकून म्हणाली, "आजी, ती पाचवी रिबीन जरा सरळ कराल? फोटोत वाकडी येते." आणि आपल्या खिशातली हात शेकायची गरम पुडी काढून मालसुनच्या हातात कोंबली. "हात किती गार पडलेत तुमचे."

तिच्या तर्जनीला सुईचे घट्टे होते. मालसुनने ते बघितले आणि तिला कळलं, बदक हिनेच विणलं.

इथेच सांगायचं, तिने ठरवलं. आत जाऊ देत नाहीत तर बाहेर सांगायचं. इथे सगळ्यांच्या हातात फोन आहेत, मिनिटात देशभर होईल. काय करायचं ते माझं करा, घरावर या, दारावर काळं फासा. तिने सेवोनची बाही धरली. म्हणाली, "पोरी, एक सांगायचंय तुला. त्या फोटोचं."

तेवढ्यात एप्रनच्या खिशात फोन वाजला. अनोळखी नंबर. गिऱ्हाईक असेल म्हणून सवयीने उचलला.

"आजी, तिला काही सांगू नकोस."

मालसुनने बाही सोडली. ट्रकच्या आडोशाला गेली.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"जेवले. मॅनेजरताईच्या फोनवरून बोलतेय, वेळ नाही. चौथ्या मजल्यावर आहे, मला तू दिसतेस. आजी, फोटो मी लावला असं मी लिहून दिलंय."

"तू कुठे लावलास? मी लावला. मी सांगते त्यांना, आत्ता सांगते."

"सांगू नकोस. त्या चॅनलवाल्याला घर हवंय. मी माझ्यावर घेतलं की डीपी कोणाचा हे कोणी विचारत नाही, त्याच्याकडे उद्या सांगायला काही उरत नाही. नाहीतर तुझ्या दारात कॅमेरे लागतील, आईच्या हॉटेलात लागतील. तुला झेपणार नाही."

"आणि तुला झेपेल?"

"मला चमूतून काढलंय. रात्री जाहीर करतील. आजी, तू मला वचन दे, गप्प बसशील."

"दानबी, घरी ये ग. आत्ता ये. ट्रक आहे."

"त्यांनी सोडलं की येते. वचन दे."

मालसुनने दिलं. फोन बंद झाला. तिने मान वर केली. चौथ्या मजल्याच्या काचा आरशासारख्या होत्या, त्यांत आभाळ आणि खालची शेवंती एवढंच दिसत होतं. कुठल्या काचेकडे बघावं ते कळेना, म्हणून तिने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

चालकाने हाक मारली, अजून अकरा आहेत मावशी.

सेवोन अजून तिथेच होती. काय सांगत होतात आजी, म्हणाली. मालसुन म्हणाली, काही नाही, फोटो जवळून काढू का लांबून, एवढंच विचारायचं होतं. लांबून, सेवोन म्हणाली, सगळी आली पाहिजेत.

मालसुनने उरलेली अकरा उतरवून घेतली. प्रत्येकाचं तिकाटणं दाबून बघितलं, वाऱ्याने पडू नये म्हणून पायाशी विटा लावल्या. पाचवी रिबीन सरळ केली. गळालेल्या पाकळ्या हाताने गोळा करून पिशवीत भरल्या, कारण रखवालदार कचऱ्यावरून बोलतो. मग रस्त्याच्या कडेपर्यंत मागे मागे गेली, दोन्ही ओळी आणि सगळ्या रिबिनी नीट दिसेपर्यंत. फोटो काढला, हललाय का ते मोठा करून बघितलं. हलला होता. रस्त्याकडेच्या खांबाला हात टेकवून दुसरा काढला आणि गिऱ्हाइकाला पाठवला.