कबड्डीचा कागद

आमची उन्नती, म्हणजे माझ्या रामनाथची धाकटी, २००६ साली बी.कॉम. झाली. राहनाळला आमचं भाताचं खाचर होतं, तिथं तोवर गोदाम उभं राहिलं होतं. रामनाथनं जमीन विकली, पण पोरीच्या मनातून ती गेली नव्हती. लहानपणी त्या बांधावरून पडून तिचा पुढचा दात तुटला होता. त्याच गोदामात सुपरवायझरची जागा निघाली, तशी ती म्हणाली, "आजी, नोकरी करीन तर तिथंच. आपल्या शेताच्या दारात मला कुणी हटकायचं न्हाय."

मुलाखत कशी असते, मी विचारलं. ती म्हणाली, साहेब बसतात, आपल्याला बघतात, प्रश्न विचारतात, मग कळवतो म्हणतात. म्हटलं, हे तर आपलं बघण्याचंच झालं! त्यातली मी जुनी जाणती. चार लेकी-पुतण्या उजवल्यात.

मग तयारी मीच केली. साडी नेसवणार होते, तिनं पंजाबी ड्रेसवर मिटवलं. मोठ्यानं हसू नकोस, मान खाली ठेव, सगळं सांगितलं. शेवटी तिची फाइल उघडली. इंग्रजी मला येत नाही, पण चित्रं कळतात. दोन कागदांवर चारपाच पोरी एकीची तंगडी धरून तिला मातीत पाडत होत्या. पाहुण्यांना असलं कोण दाखवतं? हळूच काढले. फेकायला मात्र हात होईना, म्हणून माझ्या पिशवीत पानाच्या चंचीखाली ठेवले. रांगोळीच्या बक्षिसाचा कागद तेवढा वर आणला.

आणि बघण्याला पोर एकटी जाते होय? मीही रिक्षात बसले.

दारावर आमच्याच गावचा चिंधू वॉचमन. त्यानं साहेबाच्या खोलीबाहेर मला खुर्ची दिली. "काकी, आवाज करू नको हां."

"मी कवा आवाज करते रे?"

दार अर्धं उघडं होतं. आतले मितेशसाहेब तिशीतले असतील. मार्कांचा कागद बघून म्हणाले, "मार्क ठीक आहेत. ते सगळ्यांनाच असतात. कॉलेजात आणखी काय केलं?"

"कबड्डी, सर. दोन वर्षं कप्तान होते."

फाइलची पानं वाजली.

"इथं तर रांगोळी आहे."

"कागद होते, सर. सकाळपर्यंत होते."

साहेब हसले. "या आठवड्यातल्या तुम्ही सहाव्या कप्तान. अर्जात सगळेच कप्तान असतात."

पोरीची नोकरी माझ्या पिशवीत! उठले ती सरळ आत. चिंधू मागून "काकी, अगं काकी!" करत राहिला. पिशवी टेबलावर उपडी केली. चंची, अडकित्ता, चष्मा, आणि चुन्याचा डाग लागलेले ते दोन कागद.

"मीच काढले. पोरगी दुसरीची तंगडी ओढते, हे चांगल्या घरात कोण सांगतं?"

"आजी, हे घर नाही, गोदाम आहे," साहेब म्हणाले आणि उन्नतीकडे वळले. "बक्षिसं राहू द्या. कप्तान म्हणून काय केलंत ते सांगा."

उन्नतीनं मान वर केली. माझी शिकवण तिथंच संपली.

"आमच्या संघातल्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, सर. पकडीत दोघी एक नंबर. सामन्याच्या दिवशी मी त्यांना साखळीत शेजारी उभं केलं. हात धरल्याशिवाय साखळी होत न्हाय."

"मग जिंकलात?"

"हरलो. दोन गुणांनी. पण घरी येताना दोघींनी एकच वडापाव खाल्ला, भांडत भांडत."

साहेब इतके हसले, की चिंधू डोकावून गेला. "माझ्याकडे सकाळची पाळी दुपारच्या पाळीशी बोलत नाही. माल कुठं ठेवला विचारलं, तर भिंतीकडे बघून सांगतात. सोमवारी या."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कळवतो न्हाय म्हणाले गं?"

"न्हाय आजी!" आणि तिथंच, माल उतरवायच्या फळीपाशी, तुटका दात दिसेपर्यंत हसली. मी नको म्हटलं नाही.

आता तिला खरी स्थळं येतात, तेव्हा चहाच्या आधी मी त्यातला एक चुन्याचा कागद पुढं करते. दोघं बशीला हात न लावता गेले. तिसऱ्यानं कागद नीट बघितला आणि विचारलं, "चढाई करता की पकड?"

त्याला मी दुसरा कप दिला.