डॅशबोर्डवरचा चहाचा कप

नवी छोटी एसयूव्ही दारात आली तेव्हा आमच्या ह्यांनी किल्ली घेतली आणि मी माहितीपुस्तक. गाडी चालवायला पुस्तक लागतं, हे ऐकूनच त्यांना अपमान वाटतो. डॅशबोर्डवर काही पेटलं की त्यांचं उत्तर तयार. इंजिनचा पिवळा दिवा म्हणजे "नवी आहे, लाजतेय." टायरमधली हवा कमी झाल्याची खूण म्हणजे "कढईचं चित्र आहे, सोड." सीटबेल्टची टिंगटिंग बंद करायला तर शहागंजच्या बाजारातून एक खोटं बक्कल आणून त्यांनी खाचेत खुपसलं होतं. ते मी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिलं.

लायसन्स माझ्याकडंही होतं. पण स्टेअरिंग मिळायचं ते कॉलनीपुरतं, तेही ह्यांचा हात हँडब्रेकवर असताना. तरी भाऊबीजेच्या आधी मी आईला फोनवर सांगून बसले की, या वेळी माहेरी सोयगावला गाडी मीच चालवत आणणार. आईनं ते संध्याकाळपर्यंत गल्लीभर केलं. आता मी शेजारच्या सीटवरून उतरले असते तर माझं काही बिघडत नव्हतं, मी कोडगी आहे. पण चार बायकांत आईची शोभा झाली असती, आणि त्याचा मला खरंच घोर लागला होता.

निघताना ह्यांनी अर्थातच किल्ली दिली नाही. "सिल्लोड रोडला गाड्या लई असतात. तुझं काम नाही ते."

फुलंब्रीच्या पुढं ते खड्डे चुकवत गाडी या कडेची त्या कडेला नेत होते. सिल्लोड जवळ आलं आणि डॅशबोर्डवर एक कप पेटला. पिवळा, वर वाफा निघणारा.

ह्यांचा चेहरा खुलला. "बघितलंस? कंपनीला माणसाची कदर आहे. चहाची वेळ झाली म्हणतेय."

आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी डॅशबोर्डचं ऐकलं. रस्त्याकडेच्या हॉटेलपुढं गाडी लावून दोन चहा सांगितले. त्यांची बशी रिकामी होईपर्यंत मी थांबले. मग पर्समधून पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि कपाचं पान उघडलं.

"अहो, हे चहाचं नाही. गाडी हेलकावे खायला लागली, चालवणारा थकला, असं वाटलं की हा दिवा लागतो. त्यानं विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्यानं गाडी चालवावी."

विश्रांतीपर्यंत पुस्तकात होतं. पुढचं माझ्या पदरचं.

"दाखव बघू."

मी पुस्तक पुढं केलं. इंग्रजी, बारीक अक्षर. ह्यांचा वाचायचा चष्मा घरी टीव्हीपाशी राहिला होता. तो मी निघतानाच पाहिला होता आणि गप्प बसले होते.

गल्ल्यावरचे चाचा सगळं ऐकत होते. "साब, गाडी खुद बोलरी तो सुन लो ना."

चारचौघांत किल्ली टेबलावर आली.

अजिंठ्याच्या घाटात ह्यांनी खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं, त्यामुळं हँडब्रेकची काळजी मिटली. तोंड मात्र मोकळं होतं. "हळू... हळू... अगं, हळू!" घाट संपला तरी त्यांचं हळू संपेना.

सोयगावात शिरताना मात्र मीच हळू झाले. गल्ली अरुंद, ओट्याओट्यावर बायका, आणि ठेवणीतलं लुगडं नेसून आई दारात उभी. मी गाडी थांबवली. भाऊ धावत आला, सवयीनं स्टेअरिंगकडचं दार उघडून "या दाजी" म्हणाला आणि मला बघून तसाच उभा राहिला.

आईचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ती गाडीला वळसा घालून पलीकडं गेली आणि काचेवर टकटक केली.

"जावईबापू, जरा उतरा. मला बसायचंय."

ते हँडल सोडून उतरले. आई बसली, मी तिला पट्टा लावून दिला. सगळी गल्ली बघत होती आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

"कुठं जायचं, आई?"

"कुठंबी ने," ती म्हणाली. "पण हळू नको चालवू बरं का."