परळहून गिरगावात, मागच्या सीटवर

अप्पांना, माझ्या वडिलांना, परळच्या हॉस्पिटलमधून गिरगावात घरी आणायचं होतं. लोक हे अंतर रोज कापतात. त्याचं प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही. पण यंदा मी दुसरीकडे कुठे गेलेच नाही, म्हणून हे लिहितेय.

डॉक्टरांनी उपचार थांबवले होते. "घरी न्या. खातील ते द्या, पण आता अन्न अंगी लागणार नाही." अप्पांनी एकच अट घातली. "अँब्युलन्स नको. ती चाळीत शिरली की सगळे गॅलरीत येऊन उभे राहतात. आपल्या गाडीतून ने."

आपली गाडी म्हणजे मालकांची जुनी जर्मन गाडी. अप्पा आयुष्यभर मलबार हिलच्या एका घरी ड्रायव्हर होते. मालक कायमचे परदेशी मुलाकडे गेले तेव्हा गाडी अप्पांच्या नावावर करून गेले. तिच्या मागच्या सीटवर अप्पा कधीच बसले नव्हते. मी ठरवलं, घरी येतील ते मागे बसून.

डिस्चार्ज शुक्रवारी होता. बुधवारी रंगीत तालीम म्हणून गाडी काढली. भायखळ्यापर्यंत शहाण्यासारखी आली. लालबागचा पूल चढायला घेतला तशी आचके द्यायला लागली, आणि बंद पडली. काटा अर्धी टाकी दाखवत होता. मागचा टॅक्सीवाला मान बाहेर काढून म्हणाला, "म्युझियममध्ये ठेवा ना ताई, रस्त्यावर कशाला आणता?" तुम्ही कधी जुनी गाडी घेऊन या बाजूला आलात तर पुलाखालच्या रस्त्याने जा. तिथं निदान कडेला घेता येते.

टो करून घोडपदेवला नेली. तिथले विलासदादा अप्पांच्या ओळखीचे. त्यांनी मागच्या सीटची गादी उचलून बाहेर ठेवली आणि उघड्या पत्र्याला कान लावला.

"चावी फिरवा ताई. स्टार्ट नको."

एका बाजूने बारीक गुणगुण आली. दुसऱ्या बाजूने काहीच नाही.

"टाकी दोन कप्प्यांची आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडे एकेक पंप. डावीकडचा मेलाय. त्या कप्प्यातलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नाही, काटा नुसता दाखवतो." मग गेज लावून उजव्याचा दाब बघितला. "हापण दमलाय. चढावर हात टेकतो."

"शुक्रवारपर्यंत होईल?"

"पंप आणा, करतो. काकांना काय सांगू, गाडी नाही म्हणून?"

पंप मिळाले ऑपेरा हाउसकडच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. खर्च गोव्याच्या चार दिवसांच्या सहलीएवढा आला. गुरुवारी दिवसभर मी गॅरेजच्या बाकावर बसून होते. समोरच्या टपरीवरचा वडापाव गरम आणि चांगला आहे, पण तो माझ्याच्याने संपला नाही. संध्याकाळी गादी परत बसवताना विलासदादा म्हणाले, "पेट्रोलचा वास दोन दिवस राहील."

मला धडकी भरली. औषधांनी अप्पांना पाण्याच्या वासानेही मळमळायचं.

शुक्रवारी व्हीलचेअरवरून उठून त्यांनी सवयीने पुढच्या दाराकडे हात नेला.

"अप्पा, मागे."

"मागे मालक बसतात."

"आज तुम्ही."

"मग तू कोण?"

"ड्रायव्हर."

"युनिफॉर्म कुठाय?" असं म्हणाले, पण बसले.

मी सगळ्या काचा खाली घेतल्या. त्यांच्या शेजारी सीटवर ओकारीसाठी पिशवी ठेवली होती.

"काचा वर कर गं. गार लागतंय."

"वास येत नाही का?"

"कसला?"

बोनेट न उघडता नुसत्या वासावरून गळती सांगणारे अप्पा. मी काचा वर केल्या. लालबागपर्यंत माझंच डोकं दुखायला लागलं. या वेळी मुद्दाम पुलावरूनच घेतली. गाडी न कुरकुरता चढली.

"पंप बदललेस."

"दोन्ही."

"बरं केलंस."

भायखळा गेल्यावर ते म्हणाले, "इथून रस्ता दिसतच नाही. मालक एवढी वर्षं नुसती माझी मान बघत बसले असतील." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तुझी पण माझ्यासारखीच आहे. डावीकडे कलते."

त्यानंतर गिरगावापर्यंत मी मान हलवली नाही.

चाळीत गाडी शिरली तेव्हा गॅलरीत कुणी आलं नाही. ती गाडी सगळ्यांच्या रोजच्या बघण्यातली. पण अप्पांना उतरता येईना. पाय खाली ठेवले आणि ते तसेच राहिले. शेवटी चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना जिन्याने वर नेलं, आणि मग सगळ्या मजल्यांवर माणसं येऊन उभी राहिली. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

तो महिना संपायच्या आत ते गेले.

गाडी आता पहिल्या चावीला सुरू होते. पेट्रोलचा वास गेला. परवा ती धुवायला काढली तेव्हा मी पहिल्यांदाच मागे बसले. रस्ता खरंच दिसत नाही. पुढची सीट आणि तिच्यावरची उशी यांच्यामध्ये एक फट आहे, एक मान मावेल एवढी. तिच्यातून स्टिअरिंगचा तुकडा दिसत होता. बादलीतलं कोमट पाणी गार होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले.